कबुतरं, भिशी आणि महिनाअखेरचा खडखडाट

रोजचे दोन चहा सोडा आणि करोडपती व्हा, असं ठणकावून सांगणारं एखादं तरी रील कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलवर येऊन गेलेलं असतं. एकदा कागद-पेन घेऊन बसा. दहा रुपयांचा एक, असे दोन चहा म्हणजे दिवसाला २० आणि महिन्याला ६०० रुपये. ते दर महिन्याला गुंतवले आणि वर्षाला १२ टक्के, म्हणजे महिन्याला एक टक्का परतावा सलग ४० वर्षं मिळाला, तर हातात येतात सुमारे ७१ लाख. कोटी होतच नाहीत. त्यात महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर ४० वर्षांत भाव दहापटींहून जास्त वाढलेले असणार. म्हणजे ते ७१ लाख आजच्या भावाने जेमतेम सात लाख. आणि ४० वर्षं न चुकता १२ टक्के कोण देणार, हे रीलवाला सांगत नाही. तेव्हा चहा प्या.

चक्रवाढ व्याज खोटं नाही, पण घरून महिन्याला ठरावीक पैसे येणाऱ्या, पुण्यात कॉट बेसिसवर (खोलीतल्या एका कॉटपुरतं भाडं देऊन) राहणाऱ्या विद्यार्थ्याचं दुखणं ते नाही. समजा त्याने बँकेत महिन्याला ५०० रुपयांची आरडी (आवर्ती ठेव) सुरू केली. एका बँकेचा दर साडेसहा टक्के, दुसरीचा साडेसात. वर्षाअखेर दोन्हींतला फरक तीस-पस्तीस रुपये! उलट एका महिन्याचा हप्ता राहिला की ५०० रुपये शिलकीतून सरळ कमी. म्हणजे दर कुठे जास्त मिळतो यापेक्षा पैसे बाजूला पडतात की नाही, हाच इथे खरा प्रश्न आहे.

आणि ते का पडत नाहीत, यामागे एक फार सुंदर गणित आहे.

महिन्याच्या २५ तारखेला, खात्यात दीडशे रुपये उरलेले असताना, मुलगा मनापासून ठरवतो की पुढच्या महिन्यात आधी ५०० बाजूला काढायचे. पाच तारखेला घरून पैसे येतात. सात तारखेला कुणाचा तरी वाढदिवस, मग हॉटेल, आणि ते ५०० यूपीआयने केव्हा गेले ते कळतही नाही. घरचे म्हणतात, आजकालच्या पोरांना संयम नाही. पण संयमच नसता तर २५ तारखेलाही त्याने तसं ठरवलं नसतं. माणूस तोच, पैसे तेवढेच, पर्याय तेच, तरी पसंती उलटी झाली. हे कोडं सुटायला ‘संयम नाही’ हे उत्तर पुरत नाही.

पुढे मिळणाऱ्या गोष्टीचं मोल आज कमी वाटतं, यात नवल नाही. किती कमी वाटतं, हे अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएलसन यांनी १९३७ मध्ये मांडलेल्या पद्धतीने मोजायचं तर दर दिवसाला ठरावीक टक्के घट धरायची. चक्रवाढच, फक्त उलट्या दिशेने. उदाहरण घेऊ. वाढदिवसाच्या जेवणाचं मोल १०० गुण. त्यानंतर दहा दिवसांनी, पैसे वाचले तर, ट्रेकचे बूट घेता येणार आहेत, त्यांचं मोल २००. दिवसाला पाच टक्के घट धरली तर दहा दिवसांनी येणारे २०० आज सुमारे १२० वाटतात, म्हणून बूट जिंकतात. दहा टक्के घट धरली तर तेच २०० आज ७० वाटतात आणि जेवण जिंकतं. पण गंमत अशी की हा निकाल महिनाभर आधी विचारला तरी तोच राहतो, कारण दोघांचंही मोल दररोज त्याच टक्क्याने बदलतं आणि त्यांचं गुणोत्तर हलत नाही. या गणितातला उधळ्या कायम उधळ्या आणि चिक्कू कायम चिक्कू. ठरवून मोडणारा, म्हणजे तुमच्या-आमच्यासारखा, यात बसतच नाही.

प्रयोगांत मात्र जे दिसतं ते वेगळ्या सूत्रात बसतं. मानसशास्त्रज्ञ जेम्स मॅझर यांनी १९८७ मध्ये ते दिलं: आजची किंमत = मोल ÷ (१ + क × दिवस). यातला ‘क’ म्हणजे उतावळेपणाचा आकडा. तो ०.२ धरून वरचंच उदाहरण पुन्हा करू. जेवणाच्या दिवशी जेवणाची किंमत पूर्ण १००, तर दहा दिवसांवरच्या बुटांची २०० ÷ ३, म्हणजे सुमारे ६७. जेवण जिंकलं. आता २० दिवस मागे जा. जेवण २० दिवसांवर, किंमत १०० ÷ ५ = २०. बूट ३० दिवसांवर, किंमत २०० ÷ ७, म्हणजे साडेअठ्ठावीस. बूट जिंकले! बरोबर पाच दिवस आधी दोन्ही किमती ५०–५० होतात. दोन्ही किमतींचे आलेख काढले तर तिथे दोन वक्र एकमेकांना छेदतात. त्या छेदनबिंदूच्या अलीकडे, मोह अजून लांब असताना, आपण शहाणे असतो आणि पलीकडे, तो जवळ आल्यावर, तेच आपण उधळे.

पुण्यात सिंहगड रस्त्यावर चार मजली इमारतीला खेटून उभे राहिलात तर सिंहगड दिसत नाही, इमारतच आभाळाएवढी वाटते. पाठीमागे चालत गेलात की एका ठिकाणी गड इमारतीच्या वर डोकावतो. डोळ्याला दिसणारी उंची साधारणपणे खरी उंची भागिले अंतर अशी असते, आणि मॅझर यांच्या सूत्रातही भागाकारच आहे. एखादी वस्तू डोळ्यांना जशी दिसते तशाच पद्धतीने मन वेळ बघतं, असं म्हणायला हरकत नसावी.

हे माणसाचंच वैशिष्ट्य आहे असं मात्र नाही. मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड रॅकलिन आणि लिओनार्ड ग्रीन यांनी १९७२ मध्ये कबुतरांना पर्याय दिला: आत्ता लगेच दोन सेकंद धान्य, किंवा चार सेकंद थांबून चार सेकंद धान्य. कबुतरांनी हटकून लगेचचं निवडलं. मग त्यांनी या निवडीच्या आधी आणखी एक निवड ठेवली. एक बटण टोचलं तर थोड्या वेळाने नेहमीचे दोन्ही पर्याय समोर येणार, दुसरं टोचलं तर फक्त मोठा, उशिराचा पर्याय येणार. मधला वेळ अगदी थोडा असताना कबुतरांचा कल पहिल्याकडे होता, तो वाढवल्यावर ती दुसऱ्याकडे वळली. वक्र छेदतात, तेही पक्ष्यांमध्ये.

दोन वर्षांनी जॉर्ज एन्स्ली या मानसोपचारतज्ज्ञाने प्रयोग आणखी टोकदार केला. बटण टोचलं की थोडं धान्य लगेच, न टोचता थांबलं की जास्त धान्य उशिरा. बहुतेक कबुतरं ९५ टक्क्यांहून जास्त वेळा टोचायचीच. मग एन्स्लीने त्याच्या आधी वेगळ्या रंगाचं एक बटण दाखवायला सुरुवात केली. ते टोचलं तर मोहाचं बटण पुढे येणारच नाही. दहापैकी तीन कबुतरं हे आधीचं बटण सातत्याने टोचू लागली. म्हणजे आपण पुढे घसरणार आहोत याची तजवीज तीन कबुतरांनी आधीच केली! त्यांचा संयम वाढला नव्हता. मोहाचं बटण समोर आलं असतं तर त्यांनीही ते टोचलंच असतं.

आता माझ्या आवडीचा भाग. उत्क्रांतीने असला वाकडा हिशोब प्राण्यांच्या डोक्यात का ठेवला असावा? पीटर सोझू यांनी १९९८ मध्ये यावर एक देखणं उत्तर दिलं. समजा पुढे मिळणारी गोष्ट मधल्या काळात नाहीशी व्हायचा रोजचा धोका आहे. तो नेमका माहीत असेल तर सॅम्युएलसनचीच पद्धत बरोबर ठरते. पण धोका किती आहे हेच माहीत नसेल तर? निम्मी शक्यता अशी की धोका रोज एक टक्का आहे, निम्मी अशी की तो २० टक्के आहे. पहिल्या दिवशी सरासरी घट साडेदहा टक्के. पण वीस दिवस काहीच बिघडलं नाही, तर आपण बहुधा सुरक्षित जगात आहोत, कारण धोक्याच्या जगात गोष्ट एवढे दिवस टिकण्याची शक्यता जवळपास एकच टक्का. त्यामुळे एकविसाव्या दिवसाची घट उरते फक्त सव्वा टक्का. जवळचे दिवस महाग, लांबचे स्वस्त. दोनच्या जागी धोक्याची अगणित मूल्यं घेतली, त्यांची शक्यता घातांकी वितरणाने (धोका जितका मोठा तितका विरळ) वाटली आणि इंटिग्रेशन केलं, की उत्तर येतं १ ÷ (१ + क × वेळ). अंदाजे नव्हे, तंतोतंत. आणि हा ‘क’ म्हणजे धोक्याचं सरासरी मूल्य. बारावीचं गणित शाबूत असेल तर दोन ओळींत होतं, करून बघा. इंटिग्रेशन नकोसं वाटणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं: पुढचा भरवसा किती याचीच खात्री नसेल, तर उतावळेपणा हा मूर्खपणा नसतो.

२०१३ मध्ये सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात २८ लहान मुलांवर तो प्रसिद्ध मार्शमेलोचा (मऊ, गोड गोळीचा) प्रयोग केला. थांबलास तर एकाऐवजी दोन गोळ्या. पण आधी निम्म्या मुलांना दिलेला शब्द पाळला आणि निम्म्यांचा मोडला. शब्द पाळलेली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, मोडलेली तीन मिनिटं. कापसाचा किंवा सोयाबीनचा भाव पडला की ज्याच्या घरून येणारे पैसे लांबतात, त्या मुलाला संयमावर व्याख्यान देण्याआधी हे आठवावं.

इथे जाता जाता एक सांगून टाकतो. पाकिटात मोरपीस ठेवल्याने पैसा टिकत नाही. कपाटाचं तोंड उत्तरेला केल्यानेही नाही, आणि होस्टेलचं लोखंडी कपाट भिंतीत ठोकलेलं असतं, ते वळवणार तरी कसं? याच जातकुळीतलं नवं खूळ म्हणजे ‘डोपामाइन डिटॉक्स’चे कोर्स. डोपामाइन हे मेंदूतलंच एक रसायन, उपसून काढायचं विष नाही. मेंदूत ते तयार करणाऱ्या पेशी नष्ट होत गेल्या की पार्किन्सन्स होतो. असल्या कोर्सची फी वाचली तरी महिन्याची बचत झाली.

‘आता घ्या, नंतर द्या’वाल्यांना मात्र हे वक्र चांगले कळलेले आहेत. वस्तू आज, म्हणून तिचं मोल पूर्ण. बिल ३० दिवसांनी, म्हणून आपल्या ०.२ या ‘क’नुसार १०० रुपयांचा खर्च मनाला १०० ÷ ७, म्हणजे १४ रुपयांसारखा लागतो. देय तारीख जवळ येते तसा तो फुगत पुन्हा १०० होतो. त्यातून झटपट कर्ज देणाऱ्या एखाद्या अॅपने दिवसाला एक टक्का लावला, तर साध्या व्याजानेच वर्षाचे ३६५ टक्के होतात आणि चक्रवाढीने रक्कम पावणेअडतीस पट होते. रीलमधला चक्रवाढीचा चमत्कार असा घडतो, फक्त आपल्या खिशाच्या विरुद्ध.

एन्स्लीच्या कबुतरांचं ते आधीचं बटण आपल्याकडे आहे का? आहे, आणि जुनं आहे. भिशी. दहा जणांनी महिन्याला ५०० टाकायचे, चिठ्ठी निघेल त्याला पाच हजार. व्याज शून्य. गुंतवणुकीच्या नजरेने पाहणाऱ्याला हा खुळेपणा वाटेल. पण हप्ता चुकवला तर त्याच संध्याकाळी नऊ जणांना तोंड दाखवावं लागतं. एरवी चुकलेल्या बचतीची शिक्षा महिन्यांनी मिळते, भिशी ती शून्य दिवसांवर आणून ठेवते. अट एकच, नऊही जण रोजच्या ओळखीचे हवेत. अनोळखी चालकाची भिशी म्हणजे सोझूंचा धोका आपण होऊन वाढवणं.

मेसचंही तेच. सदाशिव पेठेतल्या मेसमध्ये महिन्याचे पैसे आगाऊ घेतात आणि कार्डावर खुणा करत जातात. खाडा धरायचा तर आदल्या दिवशी सांगा, तोही सलग दोन-तीन दिवसांचा असेल तरच. मुलं या नियमावर कायम कुरकुरतात. पण बिर्याणी मागवण्याचा मोह रात्री आठला होतो आणि खाडा आदल्या दिवशी सांगायचा असतो, म्हणजे मोह वक्राच्या शहाण्या बाजूला असतानाच निर्णय होऊन गेलेला असतो. मेसवाल्या काकूंनी हे शोधनिबंध वाचून ठरवलेलं नाही, त्यांना भाजी किती चिरायची ते कळायला हवं एवढंच.

अशा कुलपाने बचत खरंच वाढते का, हे फिलिपिन्समधल्या एका बँकेत नावा अश्रफ, डीन कार्लन आणि वेस्ली यिन या अर्थतज्ज्ञांनी मोजून पाहिलं. स्वतः ठरवलेली तारीख किंवा रक्कम गाठेपर्यंत पैसे काढता येणार नाहीत असं खातं देऊ केलं, व्याज साध्या खात्याएवढंच. २८ टक्के लोकांनी ते घेतलं, म्हणजे कबुतरांएवढेच म्हणा ना. तरी ज्यांच्यापुढे हे खातं ठेवलं त्या सगळ्या गटाची सरासरी शिल्लक वर्षभरात इतरांपेक्षा ८१ टक्केबिंदूंनी जास्त वाढली.

कुलूप किती मोठं घ्यायचं याला मात्र तारतम्य हवं. पोस्टाची आरडी महिन्याला १०० रुपयांपासून सुरू करता येते, पण ती पाच वर्षांची, आणि मुदतीआधी बंद करायची तरी तीन वर्षं थांबावं लागतं. तीन वर्षांच्या पदवीला ते जड. बँकेची वर्षभराची आरडी बरी. पैसे पाच तारखेला येत असतील तर हप्त्याची तारीख सहा ठेवायची, आणि खात्यातून आपोआप वळते करायची सूचना द्यायची ती २५ तारखेच्या सुमारास, खातं रिकामं असताना. रक्कम पहिल्या सहा महिन्यांत २००-३०० च्या वर नेऊ नका. घरून पैसे यायला उशीर झाला आणि हप्ता परत गेला, तर बँका त्याचाही दंड लावतात.