वाफेच्या इंजिनातील समायोज्य सरकते भाग

वाफेच्या इंजिनात एकमेकांवर घासत चालणारे भाग झिजले की त्यांच्यामध्ये मोकळीक पडते. ती मोकळीक भाग न बदलता भरून काढता यावी म्हणून पाचर, कॉटर (चपटी, उतरती खीळ), पातळ लायनर, स्प्रिंग किंवा खुद्द वाफेचा दाब वापरून जे भाग हलते ठेवलेले असतात, त्यांना समायोज्य सरकते भाग म्हणता येईल. क्रॉसहेडचे (दट्ट्याचा दांडा आणि कनेक्टिंग रॉड यांना जोडणारा सरकता ठोकळा) स्लिपर, कनेक्टिंग रॉडच्या टोकांची ब्रासे (पिनेभोवतीची बेअरिंगे), आगगाडीच्या इंजिनातील ॲक्सलबॉक्सच्या (चाकांचा आस धरणाऱ्या पेटीच्या) पाचरी, दट्ट्याची म्हणजे पिस्टनची कडी आणि स्लाइड व्हॉल्व्ह (वाफेच्या वाटा उघडणारी-झाकणारी सरकती झडप) ही त्यांची मुख्य उदाहरणे. मोकळीक भरणे आणि झिजलेला भाग मूळ जागी परत आणणे ही दोन वेगळी कामे आहेत. बहुतेक रचना पहिले काम सहज करतात, दुसरे मात्र फिटरच्या समजुतीवर सोडतात.

सोलापूर जिल्ह्यात वाफेची इंजिने तीन ठिकाणी राबली. मोरारजी गोकुळदास यांनी 1877 मध्ये उभारलेल्या आणि पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या सूत-कापड गिरणीपासून शहरात गिरण्यांची रांग लागली. वाफेवर चालणाऱ्या गिरणीत एका मोठ्या स्थिर इंजिनाचे बळ लाइन शाफ्टवरून (लांब फिरत्या दांड्यावरून) खात्याखात्यांत पोचवले जाई. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची पुण्याकडून आलेली लोहमार्गाची शाखा 1860 मध्ये सोलापूरला पोचली. कुर्डुवाडी-बार्शी ही अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये सुरू झाली, 1906 मध्ये पंढरपूरला गेली आणि आषाढी-कार्तिकीच्या वारकऱ्यांची गाडी झाली. तिसरे ठिकाण म्हणजे 1930 च्या दशकात माळीनगर-श्रीपूर भागात उभे राहिलेले साखर कारखाने. तिन्हीकडची झीज सारखी नव्हती. गिरणीचे इंजिन छपराखाली एकाच दिशेने फिरे. आगगाडीचे इंजिन पुढे-मागे दोन्हीकडे चाले, आणि उन्हाळ्यात काळ्या रानातून उडणारी धूळ त्याच्या उघड्या पट्ट्यांवर बसे. तेलात मिसळलेली अशी धूळ वंगण राहत नाही, घासायची लेई होते.

झीज आणि ठोका. दट्ट्या सिलिंडरच्या टोकाला पोचून मागे वळतो तेव्हा दांड्यावरचा दाब ओढीत किंवा ओढ दाबात बदलते. पिन आणि ब्रास यांच्यात मोकळीक असेल तर हा पालट होताना पिन ती मोकळीक ओलांडून समोरच्या बाजूवर आदळते. फिटर ज्याला ‘ठोका’ म्हणतात तो हाच. मिनिटाला 75 फेरे घेणाऱ्या इंजिनात असा पालट मिनिटाला 150 वेळा, म्हणजे दहा तासांच्या कामात 90 हजार वेळा होतो. ठोक्याने ब्रास चेपते, चेपल्याने मोकळीक वाढते आणि मोकळीक वाढली की ठोका आणखी जोरात बसतो. म्हणूनच झीज थोडी असतानाच आवळणे भाग असते. अनुभवी माणूस कानानेच ठोका क्रॉसहेडचा की क्रँकपिनचा (कनेक्टिंग रॉड ज्या पिनेमार्फत क्रँक, म्हणजे चाक फिरवणारा हात, फिरवतो तिचा) हे सांगू शके, पण खात्रीसाठी इंजिन थांबवून क्रँक योग्य जागी आणून थोडी वाफ आलटून-पालटून दोन्ही बाजूंनी सोडत आणि कोणता सांधा हलतो ते पाहत.

क्रॉसहेडचे स्लिपर. दट्ट्याचा दांडा सरळ रेषेत चालतो, कनेक्टिंग रॉड मात्र तिरका होतो. त्या तिरकेपणाचा बाजूला पडणारा जोर क्रॉसहेड आपल्या स्लिपरांमार्फत स्लाइड बारांवर, म्हणजे ज्यांवर तो सरकतो त्या पट्ट्यांवर, टाकतो. क्रँक वरच्या बाजूने सिलिंडरपासून दूर जाईल अशा दिशेने फिरणाऱ्या आडव्या इंजिनात हा जोर जाताना आणि येतानाही खालच्या पट्टीवरच पडतो. गिरणीच्या इंजिनांची दिशा बहुधा हीच ठेवत, म्हणजे वजन आणि जोर दोन्ही खाली येतात आणि तेलही तिथेच साठून राहते. पुढे धावणाऱ्या आगगाडीच्या इंजिनात सिलिंडर पुढे आणि चाक मागे असल्याने उलट घडते. जोर वरच्या पट्टीवर येतो. टाकी-इंजिन (पाण्याची टाकी स्वतःवरच वाहणारे इंजिन) उलटे चालवले की तो पुन्हा खाली जातो.

स्लिपर झिजला की त्याच्या पाठीमागे पातळ पत्र्याचे लायनर घालतात, किंवा स्लिपरची पाठ उतरती असल्यास बोल्ट फिरवून तो उतारावर सरकवतात. इथे एक फसगत ठरलेली. खालचा स्लिपर झिजलेला असताना वरचा आवळला तर मोकळीक जाते, ठोका थांबतो आणि सगळे ठीक वाटते. प्रत्यक्षात क्रॉसहेड झिजेइतका खाली बसलेलाच असतो. दट्ट्याचा दांडा प्रत्येक फेऱ्यात किंचित वाकतो, ग्लँडचे (दांडा सिलिंडरबाहेर येतो तिथल्या वाफ अडवणाऱ्या सांध्याचे) पॅकिंग एका बाजूने खाल्ले जाते आणि तिथून वाफ फुसफुसू लागते. ग्लँडमधून वारंवार वाफ गळत असेल तर पॅकिंग बदलत बसण्याआधी खालच्या स्लिपरकडे पाहावे, हा नियम म्हणूनच शहाणपणाचा.

गिब आणि कॉटर. कनेक्टिंग रॉडच्या टोकाला पिनेभोवती दोन अर्धी ब्रासे असतात. त्यांना बाहेरून यू आकाराचा पट्टा कवेत घेतो. पट्टा आणि दांडा यांच्या आरपार भोक असून त्यात गिब नावाचा, टोकांना आकडे (हूक) असलेला तुकडा आणि त्याला लागून उतरता कॉटर बसतो. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर ठोकावी तसा कॉटर हातोडीने खाली बसवला की पट्टा दांड्याकडे ओढला जातो आणि ब्रासे पिनेवर आवळतात. गिबाचे आकडे पट्ट्याचे पाय फाकू देत नाहीत. कॉटरचा उतार साधारण 24 ला 1 धरला तर तो 6 मिलिमीटर खाली गेल्यावर ब्रासे पाव मिलिमीटर जवळ येतात. इतका सौम्य उतार घर्षणानेच धरून राहतो. तरी सैल होऊ नये म्हणून सेटस्क्रू लावतात.

या नोंदीतील सर्व रचनांत ही सर्वांत हुशार आणि सर्वांत धोक्याची. हुशार अशासाठी की एक हातोडी आणि दोन मिनिटे पुरतात. धोका दोन प्रकारचा. पहिला उघड आहे: जास्त आवळले तर तेलाला जागा उरत नाही, ब्रास तापते आणि तिच्यातला पांढरा धातू (बेअरिंगचा मऊ मिश्रधातू) वितळून वाहतो. यावर उपाय म्हणून अनेक इंजिनांत ब्रासांच्या कडा एकमेकींना टेकवूनच ठेवत. मग कॉटर कितीही ठोकला तरी पिनेवर पकड वाढत नाही. झीज भरायची तर ब्रासे काढून कडा कानशीने अगदी थोड्या घासाव्या लागतात, किंवा कडांमधला एखादा लायनर काढावा लागतो. काम वाढते, पण उतावळ्या हातापासून इंजिन वाचते.

दुसरा धोका उशिरा कळतो. पट्टा दांड्याकडे ओढला गेल्याने पिनेचे केंद्रही दांड्याकडे सरकते, म्हणजे दर आवळणीला कनेक्टिंग रॉड थोडा आखूड होतो. दट्ट्याच्या दोन टोकांना राखलेली जागा आता असमान होते: एका बाजूला वाढते, दुसऱ्या बाजूला घटते. वर्षानुवर्षे असेच चालले तर दट्ट्या सिलिंडरच्या झाकणावर आदळू शकतो आणि त्यात झाकण फुटण्यापर्यंत वेळ येते. म्हणून जाणते डिझायनर दांड्याच्या दुसऱ्या टोकाला पाचर अशा बाजूने ठेवत की ती आवळल्यावर पिन दांड्यापासून दूर ढकलली जाईल. एक टोक लांबी घटवते, दुसरे वाढवते आणि दोन्ही सारखी झिजली तर लांबी जागेवर राहते. दोन्ही टोके सारखी झिजतीलच याची हमी कोणी देत नाही, म्हणून स्लाइड बारवर खुणा करून ठेवण्याची पद्धत होती. कनेक्टिंग रॉड सोडवून दट्ट्या झाकणाला टेकवायचा आणि क्रॉसहेड कुठे येतो तिथे रेघ मारायची, दोन्ही टोकांना. दांडा जोडून इंजिन फिरवल्यावर क्रॉसहेड त्या रेघांपासून किती अलीकडे थांबतो हे पाहिले की उरलेली जागा समजते. रेघ एकदाच मारायची असते, पण ती नसली तर पुढच्या फिटरला सगळे अंदाजाने करावे लागते.

ॲक्सलबॉक्सची पाचर. आगगाडीच्या इंजिनात ॲक्सलबॉक्स चौकटीच्या खाचेत स्प्रिंगनुसार वर-खाली सरकतो. त्याच वेळी दट्ट्याचा जोर त्याला दर फेऱ्यात पुढे-मागे ढकलतो, त्यामुळे खाचेच्या उभ्या बाजू झिजतात. एक बाजू सरळ ठेवून दुसरीकडे उतरती पाचर बसवतात. खालचा बोल्ट फिरवून ती वर चढवली की मोकळीक जाते. पाचर पुरती आवळून मग किंचित मागे घ्यावी लागते. घट्ट राहिली तर बॉक्स अडकतो, स्प्रिंग निरुपयोगी होते, एका चाकावरचा भार दुसऱ्यावर जातो. फ्रँकलिन नावाच्या अमेरिकी रचनेत हे काम स्प्रिंगच्या जोरावर पाचरीकडूनच करून घेतले होते.

इथेही तोच प्रश्न उभा राहतो. पाचर आसाला सरळ बाजूवर नेऊन टेकवते. ती सरळ बाजूच झिजली असेल तर आस झिजेइतका सरकलेल्या जागी पक्का होतो. रेल्वे अभियंता एवरार्ड कॅलथ्रॉप यांनी बार्शी लाइट रेल्वेसाठी घेतलेल्या लीड्सच्या किटसन कंपनीच्या इंजिनांना आठ जोडचाके आणि मागे चार वाहक चाके होती, कारण दर आसावरचा भार 5 टनांच्या आत ठेवायचा होता. हलक्या रुळांवर जड गाडी ओढायची हीच युक्ती, पण तिची किंमत देखभालीत मोजावी लागते. चार जोडलेल्या आसांतील अंतरे जोडदांड्यांच्या (चाके एकमेकांना जोडणाऱ्या दांड्यांच्या) अंतरांशी जुळावी लागतात. एखादा आस पाचरीमुळे सरकला तर जोडदांड्यांवर फुकटचा ताण येतो. जोडदांड्यांत कॉटर ठेवण्याची जुनी चाल रेल्वेंनी याच कारणाने सोडली. त्याऐवजी गोल बुश दाबून बसवू लागले. झिजला की काढून नवा. समायोजन काढून टाकणे हीसुद्धा सुधारणा असू शकते.

आपोआप भरपाई करणारे भाग. सुरुवातीच्या दट्ट्यांना चरबी लावलेल्या तागाच्या दोराचे पॅकिंग असे आणि ते वरून आवळत राहावे लागे. जॉन रॅम्सबॉटम यांनी 1850 च्या दशकात सिलिंडरपेक्षा किंचित मोठे, एका जागी चिरलेले धातूचे कडे रूढ केले. ते दाबून आत बसवले की स्वतःच्या ताणानेच भिंतीला चिकटून राहते आणि झिजले तरी पसरत जाते. पण दट्ट्याचे वजन आडव्या सिलिंडरच्या तळावर असते; कडे वाफ अडवते, दट्ट्याला वर उचलत नाही. मोठ्या इंजिनांत म्हणूनच मागच्या झाकणातूनही दांडा बाहेर काढून आधार देत.

स्लाइड व्हॉल्व्हला तर स्प्रिंगही लागत नाही. पाठीवरची वाफच त्याला बैठकीवर दाबून धरते. तो एका चौकटीत सैल बसवलेला असतो, त्यामुळे झिजून खाली गेला तरी त्याला ओढणारा दांडा आपल्याच रेषेत राहतो. मोकळीक भरणे आणि रेषा राखणे ही दोन्ही कामे एकदम साधणारी ही दुर्मिळ रचना आहे. गिरण्यांत लोकप्रिय झालेल्या कॉर्लिस इंजिनाचे (पेटंट 1849) आंदोलित व्हॉल्व्हही असेच वाफेच्या दाबाने बैठकीवर बसतात. किंमत मात्र घर्षणाची. मोठा व्हॉल्व्ह हलवण्यातच बरीच ताकद जाते. दाब कमी करण्यासाठी पाठीवर स्प्रिंगच्या पट्ट्या बसवून काही भाग वाफेपासून वाचवतात, आणि मग त्या पट्ट्या झिजतात.

कामाची पद्धत. ब्रास नवी बसवताना पिनेला निळा रंग लावून ब्रास फिरवतात. जिथे रंग उमटतो तो उंचवटा स्क्रेपरने खरवडतात आणि रंग सगळीकडे सारखा उमटेपर्यंत हे चालते. आवळल्यानंतर इंजिन थोडा वेळ चालवून, थांबवून हात लावून पाहायचे. साखर कारखान्यात या कामाला वेळापत्रकच असे: गाळप हंगामात चरक महिनोन् महिने रात्रंदिवस चालू, म्हणून मोठी उघडझाक पावसाळ्यातल्या ओव्हरहॉलिंगमध्ये. गिरणीत तेच काम सुटीच्या दिवशी उरकावे लागे.

गिरण्यांत विजेच्या मोटारी आणि कारखान्यांत टर्बाइन आल्यावर हे भाग सोलापुरातून जवळजवळ नाहीसे झाले. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपचेही वाफेच्या इंजिनांचे काम संपले. क्रॉसहेड मात्र मोठ्या पिस्टन-कॉम्प्रेसरांत अजून आहे, आणि त्याच्या स्लिपरखाली लायनर घालताना खालची बाजू आधी तपासावी हा नियम तिथेही लागू पडतो.