विलोच्या पानावरील गाठ: गादमाशीची की करवती माशीची?

युरोपात विलो या झाडाच्या पानांवर उन्हाळ्यात गाठी दिसतात आणि त्या सरसकट एकाच माशीच्या मानल्या जातात. वस्तुतः त्या करणारे कीटक निरनिराळे असतात. इटिओमायिया काप्रे ही दोन पंखांची गादमाशी असून पूर्व विदर्भात भाताचा पोंगा चंदेरी नळीसारखा करून टाकणारी गादमाशी हिच्याच कुळातली आहे. युरा प्रॉक्सिमा ही करवती माशी मात्र चार पंखांची, मधमाश्या आणि मुंग्यांच्या गणातली आहे.

गाठ कशी सुरू होते, हा मला दोघींमधला सर्वांत महत्त्वाचा फरक वाटतो. करवती माशीची मादी करवतीसारख्या अंडनलिकेने पानाला चीर पाडून अंडे घालते आणि त्याच वेळी सोडलेल्या स्रावाने पेशी वाढू लागतात, त्यामुळे अंड्यातून अळी बाहेर येण्यापूर्वीच गाठ तयार होऊ लागलेली असते. गादमाशीच्या बाबतीत हे काम अळीचे असते: ती पेशी कुरतडत नाही, तर आपल्या स्रावाने त्यांना वाढायला लावून त्यांतील रस शोषते.

बाहेरून पाहताना आधी झाड ओळखावे. युरा प्रॉक्सिमाची घेवड्याच्या दाण्यासारखी, लालसर, पात्याच्या दोन्ही बाजूंनी फुगलेली गाठ पांढऱ्या विलोवर आणि काडकन मोडणाऱ्या फांद्यांच्या विलोवर आढळते, तर इटिओमायियाच्या काही मिलिमीटरच्या, टणक, बहुधा सुट्या गाठी रुंद पानांच्या विलोंवर असतात. मग पान उलटावे. गादमाशीच्या गाठीला खालच्या बाजूस छिद्र असते. करवती माशीची गाठ मात्र अळीने भोक पाडेपर्यंत बंदच राहते.

गाठ चिरल्यास करवती माशीची अळी ठळक डोक्याची, पायांची आणि विष्ठेच्या कणांमध्ये बसलेली दिसते, तर गादमाशीच्या अळीला पाय नसतात व डोके जेमतेम जाणवते. तरीही केवळ बिनपायांची अळी दिसली म्हणून गाठ गादमाशीची ठरवू नये. करवती माशीच्या गाठीत आर्कॅरियस सॅलिसिव्होरस या सोंड्या भुंगेऱ्याची किंवा परजीवी गांधीलमाश्यांची अळी वाढत असते, तिलाही पाय नसतात, आणि मूळची अळी तोवर मेलेली असू शकते. अशा वेळी आतल्या रहिवाशापेक्षा गाठीची घडण आणि झाडाची जात यांवरच विसंबावे.