कार्बनची ती एक पायरी

आपल्या शरीरातलं पाणी बाजूला काढलं, तर जे उरतं त्यात वजनाने जवळपास निम्मा कार्बन असतो. प्रथिनं, चरबी, डीएनए, साऱ्यांचा कणा तोच. हायड्रोजन विश्वाच्या जन्मापासूनचा आहे. १३८० कोटी वर्षांपूर्वी, पहिल्या काही मिनिटांत, वजनाने तीन चतुर्थांश हायड्रोजन आणि एक चतुर्थांश हेलियम असा हिशोब ठरून गेला. कार्बन मात्र त्यात जवळजवळ नव्हताच.

इथे इंदुरात, लोकमान्यनगरात आमच्या शेजारी अकरावीत शिकणारी एक मुलगी आहे. तिने एकदा मला विचारलं, "काका, तेव्हा एवढी प्रचंड उष्णता होती, मग कार्बन तेव्हाच का नाही झाला?" प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे, कारण उत्तर नुसत्या उष्णतेत नाहीच.

हेलियमच्या केंद्रकात चार कण असतात, दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन. त्याला एक कण चिकटवला तर पाच होतात, पण पाच कणांचं केंद्रक टिकत नाही. दोन हेलियम एकत्र आले तर आठ कणांचं बेरिलियम बनतं, तेही टिकत नाही. एका सेकंदाचे एकावर सोळा शून्यं इतके तुकडे केले, तर त्यातल्या जेमतेम एका तुकड्यापुरतं त्याचं आयुष्य. तेवढ्यात तिसरा हेलियम येऊन आदळला तरच बारा कणांचा कार्बन होणार. विश्व भराभर पसरत होतं, निवत होतं, विरळ होत होतं. तिसऱ्याची गाठ पडावी इतकी दाटी आणि इतका वेळ तिथे नव्हता.

दाटी आणि वेळ, दोन्ही ताऱ्याच्या पोटात मिळतात. गाभ्यातला हायड्रोजन संपला की गाभा आकसतो, तापतो आणि तापमान दहा कोटी अंशांच्या घरात जातं. तिथे बेरिलियम सतत बनतं आणि सतत मोडतं. अब्जावधी हेलियममागे एखादंच बेरिलियम कुठल्याही क्षणी शाबूत असतं. खगोलभौतिकशास्त्रज्ञ एडविन सालपीटर यांनी १९५२ साली हे गणित मांडलं, पण त्यातून निघणारा कार्बन फारच थोडा होता. फ्रेड हॉईल, म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू, तिथेच अडले. जो काही कार्बन बनेल, तो आणखी एक हेलियम गिळून लगेच ऑक्सिजन होऊन जाईल, असं त्यांना दिसत होतं. जगात कार्बन तर भरपूर आहे. मग त्याच्या केंद्रकातच काहीतरी सोय असली पाहिजे.

ही सोय समजायला इंदूरकरांना लांब जावं लागत नाही. राजेंद्रनगरजवळचं राजा रामन्ना प्रगत तंत्रज्ञान केंद्र गावाच्या तोंडी अजून 'कॅट'च आहे. तिथल्या इंडस-२ यंत्रात सुमारे १७२ मीटर परिघाच्या कड्यातून इलेक्ट्रॉन फिरतात आणि प्रखर क्ष-किरण सोडतात. ते एखाद्या नमुन्यावर पडले की त्यातलं प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक ऊर्जेचेच क्ष-किरण परत देतं. लोखंडाचे वेगळे, तांब्याचे वेगळे. कारण अणूतल्या इलेक्ट्रॉनला ऊर्जेच्या ठरलेल्या पायऱ्यांवरच उभं राहता येतं, अधेमधे नाही. केंद्रकाच्या आतही अशाच पायऱ्या असतात, फक्त हजारपटीने उंच.

आता आकडे पाहू. इथे ऊर्जेचं एकक आहे दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट. बेरिलियम आणि हेलियम यांची मिळून ऊर्जा कार्बनच्या तळापासून, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीपासून, ७.३७ वर येते. हॉईल म्हणाले, याच्या थोडी वर कार्बनची एक पायरी असलीच पाहिजे. तशी असेल तर मधली तूट ताऱ्याच्या उष्णतेतून भरून निघेल आणि तिन्ही हेलियम नेमके त्या पायरीवर येऊन थांबतील. १९५३ साली ते कॅलिफोर्नियात पॅसाडीनाला विल्यम फाउलर यांच्या प्रयोगशाळेत हे सांगायला गेले. फाउलर यांना आधी ते पटेना. पण वॉर्ड व्हेलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नायट्रोजनवर ड्युटेरॉनचा, म्हणजे जड हायड्रोजनच्या केंद्रकांचा, मारा करून पाहिलं, आणि पायरी सापडली. आजच्या मोजणीत ती ७.६५ वर आहे.

मला यातली सर्वांत थरारक गोष्ट पुढची वाटते. कार्बन आणि हेलियम मिळून ऑक्सिजनच्या तळापासून ७.१६ वर येतात. ऑक्सिजनची जवळची पायरी आहे ७.१२ वर, म्हणजे किंचित खाली. उष्णता ऊर्जा वाढवू शकते, कमी करू शकत नाही. त्यामुळे ही पायरी पकडता येत नाही आणि कार्बन वाचतो. सगळा नाही, काही ऑक्सिजन होतोच. तो झाला नसता तर पाणी कुठून आलं असतं?

कार्बनच्या त्या पायरीवर पोचूनही काम झालं असं नाही. दहा हजारांतले चारच कार्बन खाली उतरून स्थिर होतात, बाकीचे पुन्हा फुटून हेलियम होतात. तरी ताऱ्याला लाखो वर्षं मिळतात, म्हणून साठा होत राहतो.

हा मेळ कुणीतरी मुद्दाम घातला, असं अनेकांना वाटतं. मला त्या निष्कर्षाची घाई करावीशी वाटत नाही. १९८९ साली काही शास्त्रज्ञांनी कार्बनची ही पायरी गणितात हलवून पाहिली. ०.०६ ने सरकवली तर फारसं बिघडत नाही, ०.२८ च्या आसपास वर नेली तर कार्बन नगण्य उरतो. म्हणजे सुईच्या अग्रावर काही उभं नाही, पण मोकळी जागाही फार नाही.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री नऊ-साडेनऊला गच्चीवर गेलात, तर मृग नक्षत्रातला तांबूस काक्षी जवळजवळ डोक्यावर असतो. शहराच्या उजेडातही तो दिसतो. त्याच्या गाभ्यात हेलियमचा कार्बन होण्याचं काम बहुधा या घडीला चालू आहे. असे तारे फुटून, आणि सूर्याएवढे तारे म्हातारपणी आपली बाहेरची आवरणं उधळून, कार्बन अवकाशात सोडतात. १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसनला पडलेल्या उल्केत त्या धुळीचे कण सापडले आहेत, ग्राफाइटचे आणि सिलिकॉन कार्बाइडचे. त्यांतले काही सुमारे ७०० कोटी वर्षांचे आहेत. आपला सूर्य ४६० कोटींचा.

कार्बनचा ऑक्सिजन होण्याचा वेग मात्र अजून हवा तितका नेमका मोजता आलेला नाही. ताऱ्यातल्या ऊर्जेला ही टक्कर इतकी क्वचित घडते, की प्रयोगशाळेत जास्त ऊर्जेला मोजून खालचा अंदाज बांधावा लागतो. ताऱ्यांमधल्या अशा अभिक्रियांच्या अभ्यासासाठी कोलकात्याच्या साहा अणुभौतिकी संस्थेत 'फ्रेना' हा ३० लाख व्होल्टचा त्वरक, म्हणजे कणांना वेग देणारं यंत्र, उभारला आहे.