विचार वर, भावना खाली? निओकॉर्टेक्सच्या वाटणीमागची पार्श्वभूमी

पालकांसाठीची व्याख्याने, आयटी कंपन्यांमधले प्रशिक्षण वर्ग, दहावी-बारावीच्या मुलांना अभ्यासाचे तंत्र शिकवणारी शिबिरे: पुण्यात अशा ठिकाणी मेंदूचे एक चित्र हमखास पडद्यावर येते. तळाला सरपटणाऱ्या प्राण्यांचा मेंदू, त्यावर भावनांचा मेंदू आणि सगळ्यांत वर विचार करणारा निओकॉर्टेक्स. राग आला की खालचा मजला ताबा घेतो, शांत झालात की वरचा जागा होतो, असे त्याचे स्पष्टीकरण. चित्र लक्षात राहते, पण ते चुकीचे आहे. ते आले कुठून, हे समजल्याशिवाय निओकॉर्टेक्स खरोखर काय करतो हेही नीट कळत नाही.

मेंदूच्या बाहेरच्या आवरणाला कॉर्टेक्स म्हणतात आणि त्यातल्या सहा थरांच्या मोठ्या भागाला निओकॉर्टेक्स. हा कॉर्टेक्स सगळीकडे एकसारखा नसतो, हे पहिल्यांदा १७७६ मध्ये दिसले. इटलीतल्या पार्मा येथे एका वैद्यक विद्यार्थ्याने बर्फाने गोठवलेल्या मेंदूचे काप घेतले आणि मागच्या भागात ग्रे मॅटरच्या, म्हणजे पेशींच्या करड्या थराच्या, मधोमध जाणारी पांढरी रेघ टिपली. ही रेघ आजही नुसत्या डोळ्यांनी दिसते, मात्र मेंदू नीट टिकवलेला हवा. ताजा मेंदू लोण्यासारखा मऊ असतो. तो बादलीच्या तळाशी ठेवला तर स्वतःच्या वजनानेच चपटा होतो. म्हणून बुडाशी असलेल्या बॅसिलर धमनीखालून दोरा ओवून तो १० टक्के फॉर्मलिनमध्ये उलटा लटकवतात आणि दोन ते तीन आठवडे तसाच ठेवतात. घाई केली तर बाहेरचा भाग घट्ट होतो, आतला गुलाबी आणि बिलबिलीत राहतो, आणि सुरी फिरवताच थर फरफटतात. शरीररचनेच्या प्रयोगशाळेत ही रेघ दिसली नाही, तर दोष बहुतेक वेळा याच टप्प्यावर असतो.

पुढे १९०९ मध्ये बर्लिनमध्ये पेशींच्या मांडणीवरून कॉर्टेक्सच्या भागांना क्रमांक मिळाले. ५२ पर्यंतचे ते क्रमांक आजही एमआरआयच्या अहवालांत आणि शोधनिबंधांत वापरले जातात. २०१६ च्या नकाशात प्रत्येक अर्धगोलात १८० भाग आहेत.

खरा गुंता १९३७ नंतरचा. त्या वर्षी अमेरिकेत एका शरीररचनातज्ज्ञाने भावनांसाठी मेंदूतले एक वर्तुळाकार जाळे सुचवले: हिप्पोकॅम्पस, हायपोथॅलॅमस, थॅलॅमसचा पुढचा भाग, सिंग्युलेट आणि परत हिप्पोकॅम्पस. प्रत्यक्ष प्रयोगाचा आधार त्याला फार थोडा होता. १९४९ मध्ये दुसऱ्या एका संशोधकाने हेच जाळे वाढवून त्याला शरीराच्या आतल्या संवेदनांचा मेंदू म्हटले आणि १९५२ मध्ये त्याला 'लिंबिक सिस्टीम' हे नाव दिले. १९६० च्या दशकात त्यानेच तीन मजल्यांची कल्पना मांडली.

'लिंबस' म्हणजे कड. हे नाव देताना दोन गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या. कॉर्टेक्सच्या कडेला असणे ही जागा झाली, भावना घडवणे हे काम झाले. जागेवरून कामाचा निष्कर्ष काढला गेला आणि त्यानंतरची सगळी गफलत तिथून सुरू झाली. यादीत कोणते भाग घ्यायचे यावर आजही एकमत नाही. हायपोथॅलॅमस काहींच्या यादीत आहे, काहींच्या नाही. त्याहून अवघड म्हणजे, यादीतला सर्वांत ठळक सदस्य हिप्पोकॅम्पस हा प्रामुख्याने भावनांचा नव्हे, तर स्मृतीचा भाग निघाला.

हे कळायला एका माणसाला फार मोठी किंमत मोजावी लागली. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्ड येथे २७ वर्षांच्या एका तरुणाच्या फिट्स थांबवण्यासाठी दोन्ही बाजूंच्या टेम्पोरल लोबचा (कानशिलाजवळच्या मेंदूचा) आतला भाग काढला गेला. त्यात अमिग्डाला, हिप्पोकॅम्पसचा पुढचा भाग आणि त्याला लागून असलेला कॉर्टेक्स गेला. फिट्स कमी झाल्या. पण त्यानंतर घडलेली नवी घटना त्याच्या मनात काही मिनिटांपलीकडे टिकेना. बालपण आठवत होते, बुद्ध्यांक शाबूत होता, बोलणे व्यवस्थित होते. आरशात बघून चांदणीची आकृती गिरवण्याचा सराव दिला तेव्हा दिवसागणिक हात सुधारत गेला, पण आपण हे आधी केले आहे हे त्याला प्रत्येक वेळी नवेच वाटे. दोन्ही बाजूंचा भाग एकदम काढण्याचा तो निर्णय त्या काळातही धाडसी होता. या रुग्णाबद्दलचा १९५७ चा शोधनिबंध म्हणजे इतर शल्यचिकित्सकांना दिलेला इशाराही होता, हे सांगायचे अनेकदा राहून जाते.

त्यातून स्मृतीबद्दल जी समज तयार झाली ती साधारण अशी: अनुभव घडताना दृश्य, आवाज, शब्द यांचे तपशील निओकॉर्टेक्सच्या वेगवेगळ्या भागांत उमटतात. हिप्पोकॅम्पस त्यांची सांगड पटकन बांधतो. झोपेत आणि पुन्हा पुन्हा आठवताना तीच जुळणी परत चेतवली जाते आणि कॉर्टेक्समधले आपसातले दुवे सावकाश पक्के होतात. शब्दांचे अर्थ, ओळखीचे चेहरे, गणिताचे नियम असे ज्ञान शेवटी कॉर्टेक्सच्या आधाराने टिकते.

आता भावना. निओकॉर्टेक्स फक्त थंड विचार करतो, हा समज खोटा ठरवणारा पुरावा, तीन मजल्यांचे चित्र तयार होण्याआधीच साचत होता. १९३५ मध्ये लिस्बनमध्ये फ्रंटल लोबचे (कपाळामागच्या मेंदूचे) आतले तंतू तोडण्याची शस्त्रक्रिया सुरू झाली आणि १९४९ मध्ये तिला नोबेल मिळाले. रुग्ण शांत झाले, पण पुष्कळांचा उत्साह, आस्था, इतरांबद्दलची जाणीवही गेली. तंतू कापले होते ते 'विचारी' भागाचे, आणि निवली ती भावना. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या आयोवात झालेल्या पत्त्यांच्या प्रयोगांनी हे नेमके दाखवले. चार गड्ड्यांपैकी दोन तोट्याच्या. निरोगी माणसाच्या तळहाताला काही डावांनंतर तोट्याच्या गड्डीकडे हात नेतानाच घाम सुटू लागतो. फ्रंटल लोबच्या तळाशी इजा झालेल्यांत ही आगाऊ प्रतिक्रिया येत नाही. हिशेब कळत असूनही ते तोट्याच्याच गड्ड्या ओढत राहतात.

उत्क्रांतीचा मजलाही असाच ढासळला. सहा थरांचा हा कॉर्टेक्स साळू आणि प्लॅटिपससकट सर्व सस्तन प्राण्यांत असतो. सरपटणाऱ्यांत त्याच मूळ भागातून घडलेला तीन थरांचा कॉर्टेक्स आढळतो. पक्ष्यांच्या मेंदूतल्या भागांची जुनी नावे तर २००४ मध्ये अधिकृतपणे बदलावी लागली, कारण ज्या भागाला आदिम समजले जात होते तो कॉर्टेक्सच्याच कुळातला निघाला. नवा मजला जुन्यावर चढवला गेला, असे कुठेच घडलेले नाही. 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन', म्हणजे मधला मेंदू जागा करण्याच्या नावाखाली डोळे बांधून वाचायला शिकवणारे वर्ग पुण्यातही चालले. पालकांनी त्यावर पैसे घालवले याचे वाईट वाटते. मधला मेंदू जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचा असतो, आणि वाचन होत होते ते नाकाजवळच्या फटीतून.

या इतिहासाचा रोजचा उपयोग आज फिट्सच्या शस्त्रक्रियेत होतो. भारतात ती १९५२ मध्ये वेल्लोरला सुरू झाली. २००१ मध्ये कॅनडात ८० रुग्णांवर झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेच्या गटातले ५८ टक्के रुग्ण वर्षअखेर भान हरपणाऱ्या फिट्सपासून मुक्त होते, केवळ औषधांच्या गटातले ८ टक्के. आता भाग एकाच बाजूचा काढतात. भाषा ज्या बाजूला असते तिथे टोकापासून साधारण ४ ते ४.५ सेंटिमीटर, दुसऱ्या बाजूला थोडा जास्त. सर्वाधिक धोका असतो तो भाषेच्या बाजूचा हिप्पोकॅम्पस निरोगी असताना काढला तर. अशा रुग्णाला नंतर नावे, निरोप, वाचलेला मजकूर आठवेनासा होतो.

म्हणून शस्त्रक्रियेआधीची नावांची आणि स्मृतीची चाचणी रुग्णाच्या भाषेतच व्हायला हवी. परदेशी चित्रसंचात बीव्हर, इग्लू, प्रेट्झेल येतात. मराठी माणसाला ती नावे सुचली नाहीत तर दोष टेम्पोरल लोबचा की चित्राचा, हे ठरवता येत नाही. त्याऐवजी विळी, सूप, पोळपाट अशी ओळखीची चित्रे हवीत. शब्दांची यादीही मराठी हवी: वाचून दाखवायची, लगेच म्हणून घ्यायची आणि अर्ध्या तासाने पूर्वसूचना न देता पुन्हा विचारायची. घरी मराठी, ऑफिसात इंग्रजी बोलणाऱ्या रुग्णाची तपासणी दोन्ही भाषांत करावी, कारण एकीत न दिसणारी उणीव दुसरीत उघडी पडू शकते.