एकाच नावाचे दोन खेळ: पीसीवरचा शूटर आणि कन्सोलवरचा शूटर

गोव्यात चवथीला घर भरलं की हा वाद ठरलेला. पीसीवाला म्हणतो, कन्सोलवाल्यांचा (टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावर खेळणाऱ्यांचा) नेम यंत्रच धरतं. पीएस५वाला (सोनीचा प्लेस्टेशन ५ कन्सोल असलेला) म्हणतो, पीसीवर सगळे चीट करतात. दोघांच्या पडद्यावर ‘कॉल ऑफ ड्यूटी’ हाच शूटर, म्हणजे बंदुकीच्या लढाईचा खेळ, असतो, म्हणून खेळही एकच आहे असं दोघं धरून चालतात. घोळ तिथेच आहे.

पूर्वी फरक उघड दिसायचा. २०११ च्या ‘बॅटलफील्ड ३’ मध्ये पीसीवर ६४ खेळाडू एका नकाशावर लढायचे, तर पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६० वर फक्त २४. नकाशेही त्या मानाने आखडलेले होते. २०२१ च्या ‘बॅटलफील्ड २०४२’ मध्ये पीसी आणि नवे कन्सोल १२८ खेळाडूंवर बरोबरीला आले, जुने पीएस४ आणि एक्सबॉक्स वन ६४ वर राहिले. म्हणजे आज खरी दरी पीसी आणि कन्सोलमध्ये कमी, जुन्या आणि नव्या कन्सोलमध्ये जास्त आहे. सेकंडहँड पीएस४ घेताना हे आधी बघावं.

आजचा मोठा फरक हातातल्या वस्तूचा आहे. माउस मनगट आणि कोपर फिरवून थेट जागेवर नेता येतो. कंट्रोलरची काडी अंगठ्याने ढकलावी लागते, आणि तीही फक्त दिशा आणि वेग सांगते. ही उणीव भरून काढायला एम असिस्ट (नेम धरायला खेळाची मदत) दिलेला असतो आणि त्याचे सहसा दोन भाग असतात. पहिला, नेम शत्रूजवळ आला की काडीची संवेदनशीलता कमी होते. दुसरा, तुम्ही किंवा शत्रू हलत असताना कॅमेरा थोडा आपोआप त्याच्यामागे वळतो. हा दुसरा भाग जवळच्या लढाईत जोरदार जाणवतो. बऱ्याच खेळांत तो चालण्यासाठी डावी काडी हलती असावी लागते, म्हणून जवळच्या चकमकीत एका जागी थिजून गोळ्या झाडणं कंट्रोलरवाल्याला महाग पडतं. लांबच्या नेमात मात्र माउसच वरचढ. एम असिस्टला फसवणूक म्हणणं चूक आहे, पण तो किरकोळ आहे असं म्हणणंही तितकंच चूक. आणि तो कन्सोलचा नसून कंट्रोलरचा आहे: पीसीला कंट्रोलर जोडला तरी ‘कॉल ऑफ ड्यूटी’मध्ये तो मिळतो.

माउसवर नेम सारखा चुकत असेल तर आधी विंडोजमधली ‘पॉइंटर प्रिसिजन’ची खूण काढा. ती असताना हात किती हलला यापेक्षा किती वेगाने हलला यावर नेम ठरू शकतो आणि हाताला सवयच लागत नाही. माउस ८०० डीपीआयवर (त्याच्या संवेदनशीलतेचं माप) ठेवून खेळातली संवेदनशीलता अशी लावा की पूर्ण गिरकीला माउस ३० ते ४० सेंटिमीटर सरकेल. कंट्रोलरवर हात न लावता नेम सरकत असेल तर काडी झिजली आहे. डेड झोन (काडीची जेवढी हालचाल खेळ मोजत नाही तो भाग) एकेक अंकाने वाढवत न्या, सरकणं थांबेल तिथे थांबा. जास्त वाढवलात तर बारीक हालचाल मरते.

टीव्हीवर खेळताना गेम मोड चालू करायलाच हवा. चित्र सुंदर करणारी प्रक्रिया चालू राहिली तर बटण दाबणं आणि गोळी सुटणं यात जाणवण्याइतका उशीर होतो. सेकंदाला ६० फ्रेम्स (चित्रं) असतील तर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, १२० ला ८.३ ची. १२० चा हा सगळा फायदा टीव्हीने घातलेला उशीर गिळू शकतो.

पीसीचा त्रास वेगळा. ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला की शेडर (चित्र रंगवण्याच्या छोट्या सूचना) पुन्हा तयार होतात. ते १०० टक्के होण्याआधी सामन्यात उतरलात तर चित्र अडखळणारच. २०२५ च्या ‘बॅटलफील्ड ६’ला पीसीवर सिक्युअर बूट (पीसी सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) लागतो. जुनी विंडोज एमबीआर (डिस्क विभागण्याची जुनी पद्धत) डिस्कवर असेल तर आधी बॅकअप घ्या, मग डिस्क जीपीटी (नवी पद्धत) करा, आणि त्यानंतरच बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय, बंद करा. क्रम उलटला की विंडोज सुरूच होत नाही. कन्सोलवाल्याला यातलं काहीच करावं लागत नाही.

खरेदीत होणारी चूकही सांगून ठेवतो: स्टीमचा (पीसीच्या खेळांच्या ऑनलाइन दुकानाचा) कोड पीएस५ वर चालत नाही, आणि डिस्क ड्राइव्ह नसलेल्या कन्सोलला डिस्क निरुपयोगी. विकत घेतलेला खेळ प्लेस्टेशनवर ऑनलाइन खेळायला सहसा पीएस प्लस (सोनीची पैसे भरायची सदस्यता) लागतं. ‘वॉरझोन’सारख्या मोफत खेळाला लागत नाही.

आता गोव्याची खरी परीक्षा: पाऊस आणि लाइट. गेमिंग पीसी खेळताना सहज ३५०-४०० वॅट ओढतो. बाजारातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो, त्यामुळे लाइट जाताच तोही बंद पडतो आणि लोक बॅटरीला दोष देतात. पीसीला किमान १००० व्हीएचा, शक्यतो प्युअर साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) घ्या. पीएस५ चा खेळतानाचा भार २०० वॅटच्या आसपास. त्याला आणि राउटरला तोच ६०० व्हीए नीट बंद करण्याइतका वेळ देतो. घरात इन्व्हर्टर असेल तर मागचा स्विच यूपीएस मोडवर आहे का बघा, नाहीतर बदलाच्या त्या क्षणात यंत्र रीस्टार्ट होतं. पावसाळ्यात पीएस५ रेस्ट मोडवर (पूर्ण बंद न करता अर्धवट झोपेत) सोडू नका. मधेच लाइट गेली की पुढच्या वेळी ते स्टोरेज तपासत बसतं.

कळंगुट-कोलव्याकडच्या घरांत खारा वारा धातू खातो. पीसीचा कॅबिनेट खिडकीपासून लांब आणि भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. जून ते सप्टेंबर खेळायचं नसलं तरी आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू करा, म्हणजे आतली ओल सुकते.