ब्राउझरमधला ड्रोन: आराखडा आणि उड्डाण-सराव यांची पार्श्वभूमी

ब्राउझर उघडावा, काहीही इन्स्टॉल न करता ड्रोनचा सांगाडा जुळवावा, मोटर आणि पंखे बदलून बॅटरी किती मिनिटे पुरेल ते पाहावे आणि त्याच टॅबमध्ये ते यंत्र उडवूनही पाहावे, ही सोय आज नवशिक्याला अंगवळणी पडली आहे. तिची पार्श्वभूमी सांगणारे बहुधा ड्रोनच्या किंवा वैमानिक-प्रशिक्षणाच्या इतिहासापासून सुरुवात करतात. ते धागे जोडलेले आहेतच. मात्र या साधनांना आजचा आकार मिळाला तो ब्राउझरने संगणकाच्या कोणत्या भागाला हात लावावा, या गेल्या पंधरा वर्षांतील वादातून. ग्राफिक्स कार्ड, हातातला कंट्रोलर आणि सिरियल पोर्ट (केबलने जोडलेल्या उपकरणाशी संगणक ज्यातून बोलतो तो मार्ग) ही तीन दारे वेगवेगळ्या वेळी उघडली, काही मध्येच बंद झाली, आणि सॉफ्टवेअर त्या त्या दारानुसार वळत गेले.

दूरच्या भूतकाळाबद्दल थोडक्यात इतकेच. चार पंखसंचांचे यंत्र जमिनीवरून उचलण्याचा प्रयत्न १९०७ मध्ये फ्रान्समध्ये आणि १९२२ मध्ये अमेरिकेत झाला. त्यांना कायम छळले ते समतोलाच्या प्रश्नाने, कारण तो मानवी हाताने क्षणोक्षणी राखणे जवळजवळ अशक्य होते. हवेच्या भात्यांवर डुलणारे वैमानिकांचे प्रशिक्षण-यंत्र १९२९ चे. पंख्याच्या पात्याचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकावरील बल मोजायचे आणि त्यांची बेरीज करायची, ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची रीत आजच्या अनेक गणकयंत्रांतही टिकून आहे. ‘गॅझीबो’ हा यंत्रमानवांसाठीचा सिम्युलेटर २००२ च्या सुमारास सुरू झाला आणि पुढे ड्रोनवाल्यांनी तो आपलासा केला. पण तो चालवायचा तर सहसा लिनक्स आणि बऱ्यापैकी चिकाटी, दोन्ही हाताशी असावे लागत.

ब्राउझरमध्ये त्रिमिती चित्र दाखवायचे म्हणजे प्लगइन, अर्थात ब्राउझरला वेगळे जोडायचे सॉफ्टवेअर, हा २०१० पर्यंतचा शिरस्ता. मार्च २०११ मध्ये ‘वेबजीएल’ची पहिली आवृत्ती जाहीर झाली आणि पानाला ग्राफिक्स कार्डापर्यंत थेट वाट मिळाली. त्याच वर्षी ‘टिंकरकॅड’सारखे केवळ ब्राउझरमध्ये चालणारे आराखड्याचे साधन लोकांसमोर आले. हौशी मंडळी ड्रोनचे पाय, कॅमेऱ्याची बैठक, अँटेनाची नळी असे सुटे भाग पुढे अशाच साधनांवर काढू लागली. सिम्युलेटरचे निर्माते मात्र प्लगइनलाच चिकटून राहिले, कारण त्यांची गेम इंजिने त्यावर सुरळीत चालत होती. २०१५ मध्ये ‘क्रोम’ या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या ब्राउझरने ही जुनी प्लगइन-व्यवस्था आधी एप्रिलमध्ये मुळातच बंद ठेवली आणि सप्टेंबरमध्ये काढूनच टाकली. ज्या पानावर काल यंत्र उडत होते, तेथे आज राखाडी चौकोन उरला. पर्याय तयार होत होता. इतर भाषांत लिहिलेला प्रोग्राम ब्राउझरमध्ये चालवू देणाऱ्या ‘वेबअसेंब्ली’ची पहिली आवृत्ती नोव्हेंबर २०१७ पर्यंत चारही प्रमुख ब्राउझरांत पोहोचली आणि डिसेंबर २०१९ मध्ये तिला अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला. सी भाषेत लिहिलेले उड्डाणगणित पुन्हा न लिहिता ब्राउझरमध्ये आणता येऊ लागले, ही या काळातील सर्वांत मोठी कमाई म्हणावी लागेल.

तिलाही मध्येच खीळ बसली. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधील ‘स्पेक्टर’ ही त्रुटी उघड होताच ब्राउझरांनी अनेक धाग्यांना, म्हणजे एकाच वेळी शेजारी-शेजारी चालणाऱ्या कामांना, एकच स्मृती वापरू देणारी सोय बंद केली आणि काळ मोजण्याची अचूकता मुद्दाम कमी केली. सिम्युलेटरच्या दृष्टीने ही दुखरी जागा होती. पडदा सेकंदाला साधारण साठ वेळा रंगतो, तर खऱ्या फ्लाइट कंट्रोलरचे, म्हणजे ड्रोनवरील छोट्या संगणकाचे, समतोल राखण्याचे चक्र सेकंदाला हजारो वेळा फिरते. म्हणून भौतिकीचे गणित चित्रापासून वेगळे, ठरावीक लहान पावलांनी चालवावे लागते. ते वेगळ्या धाग्यावर नेण्याची वाट कडक अटींसह पूर्ववत व्हायला २०२० आणि २०२१ ही वर्षे उजाडली. टॅब बदलला की ड्रोन हवेत थिजतो आणि परत आल्यावर एकदम उसळतो, असा अनुभव आजही कुठे कुठे येतो. मागे गेलेल्या टॅबचे घड्याळ ब्राउझर मंदावतो आणि निर्मात्याने ते ध्यानात घेतलेले नसते, हे त्यामागचे साधे कारण.

नवशिक्याची पहिली फसगत मात्र कंट्रोलरपाशी होते. रेडिओ ट्रान्समीटर यूएसबी केबलने जोडलेला असतो, त्याचा पडदा उजळलेला असतो, आणि पानावर ‘कंट्रोलर सापडला नाही’ हेच वाक्य ठाण मांडून बसते. केबल बदलून होते, पान पुन्हा उघडून होते. वास्तविक त्यावरचे एखादे बटण दाबले किंवा खटका हलवला म्हणजेच ब्राउझर ते उपकरण पानाला दाखवतो, कारण जोडलेल्या उपकरणांवरून माणसाची ओळख पटवता येऊ नये अशी योजना आहे. दुसरा घोटाळा थ्रॉटलचा, म्हणजे मोटरची शक्ती कमीजास्त करणाऱ्या कांडीचा. गेमच्या कंट्रोलरची कांडी सोडली की स्प्रिंगने मध्यावर येते, रेडिओची थ्रॉटलची कांडी बहुधा सोडाल तेथेच राहते. उंची आपोआप धरून ठेवणाऱ्या कॅमेरा-ड्रोनला मध्य म्हणजे ‘आहे तेथे थांब’. शर्यतीच्या ड्रोनला मध्य म्हणजे अर्धी शक्ती, आणि त्या शक्तीवर तो आभाळाकडे झेपावतो. सराव कोणत्या यंत्राचा करायचा हे आधी ठरवले नाही, तर बोटांना चुकीचीच सवय लागते.

सर्वांत मोठा वाद झाला तो सिरियल पोर्टवरून. २०१० च्या सुमारास ‘मल्टीवी’ या खुल्या फर्मवेअरपासून (उपकरणातच बसवलेल्या सॉफ्टवेअरपासून) हौशी फ्लाइट कंट्रोलरांची एक वंशावळ सुरू झाली. नाव अर्थातच ‘वी’ या गेम-यंत्रावरून पडले, कारण त्याच्या रिमोटला जोडायच्या उपकरणातील जायरोस्कोप (फिरण्याचा वेग मोजणारा भाग) काढून वापरला जाई. त्याच वंशातील पुढच्या पिढीच्या, म्हणजे ‘बेसफ्लाइट’, ‘क्लीनफ्लाइट’ आणि ‘बीटाफ्लाइट’च्या, सेटिंग्ज बदलण्याचे साधन क्रोमच्या दुकानातून मिळणाऱ्या ॲपच्या रूपात आले, कारण त्या ॲपना सिरियल पोर्ट वापरण्याची मुभा होती. विंडोज असो, मॅक असो की लिनक्स, एकाच बटणाने सोय झाली. ऑगस्ट २०१६ मध्ये मात्र ही ॲप-व्यवस्था क्रमाने गुंडाळण्याची घोषणा झाली. त्या तिन्ही प्रकारच्या संगणकांवर सुमारे एक टक्का लोकच ती वापरतात, असे कारण दिले गेले. त्या एका टक्क्यात ड्रोनवाल्यांची अख्खी पंगत बसली होती, याचा विचार कोणी केल्याचे दिसत नाही. निर्मात्यांनी मग ब्राउझरचेच इंजिन पोटात घेतलेले स्वतंत्र ॲप बांधले. नाव वेगळे, आत ब्राउझरच.

मार्च २०२१ मध्ये क्रोमच्याच संगणकावरील आवृत्तीत ‘वेब सिरियल’, म्हणजे पानाला सिरियल पोर्ट वापरू देणारी सोय, सर्वांसाठी खुले झाले. वापरकर्त्याने स्वतः बटण दाबून यादीतून पोर्ट निवडल्याखेरीज पानाला काहीच मिळत नाही, ही त्याची मुख्य अट. दुसऱ्या एका ब्राउझर-निर्मात्याने तेव्हा हा प्रस्ताव हानिकारक ठरवला, तर तिसऱ्याने २०२० मध्येच ज्या सोळा सोयी देणार नाही असे सांगितले होते त्यांत ही होती. त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. पोर्टच्या पलीकडचे उपकरण समोरून येणाऱ्या प्रत्येक आज्ञेवर विश्वास ठेवते, आणि परवानगीची खिडकी वाचून धोका ओळखणे सामान्य माणसाला जमेलच असे नाही. मोटर तपासण्याच्या पानावर ‘पंखे काढले आहेत’ अशी कबुली द्यावी लागते, ती उगाच नव्हे. टेबलावर फिरलेला पंखा बोट कापू शकतो. तरीही विरोधकांनी एका प्रश्नाला बगल दिली असे वाटते. ब्राउझरमध्ये ही सोय नसेल तर माणूस थांबत नाही, तो कुठून तरी उतरवलेली फाइल संपूर्ण संगणकाच्या अधिकारांसह चालवतो. त्या तुलनेत एका पोर्टपुरती, हवी तेव्हा मागे घेता येणारी मुभा कमी धोक्याची आहे. आज ‘बीटाफ्लाइट’चे तेच साधन पुन्हा थेट ब्राउझरमध्ये उघडते. आयफोन किंवा आयपॅडवर मात्र नवशिक्याला अजून तशी वाट नाही.

‘ब्राउझर-आधारित’ या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी खपतात, तेही येथेच नोंदवावे. काही साधनांत गणित तुमच्याच संगणकावर होते. काहींत ते दूरच्या सर्व्हरवर होऊन तुमच्याकडे केवळ चित्रफीत येते. दुसऱ्या प्रकारात जुना लॅपटॉपही चालतो, पण कांडी हलवल्यावर प्रतिसाद इंटरनेटच्या वेगावर अवलंबून राहतो. आराखड्यासाठी ते खपते, हाताचा सराव त्याने बिघडतो.

भारतात या सगळ्याकडे लोक वळले ते नियमांमुळे. ऑक्टोबर २०१४ च्या जाहीर सूचनेने नागरी ड्रोन-उड्डाण जवळपास थांबले, डिसेंबर २०१८ पासून ते अटींवर सुरू झाले आणि २५ ऑगस्ट २०२१ च्या नियमांनी बरेचसे मोकळे झाले. हिरवे, पिवळे, लाल पट्टे दाखवणारा हवाई क्षेत्राचा नकाशा त्याच सप्टेंबरात ब्राउझरमध्ये आला, आणि विमानतळालगत राहणाऱ्या पुण्यामुंबईच्या अनेकांना आपले घर नेमक्या कोणत्या रंगात येते ते समजले. फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर, काही अपवाद वगळता, बंदी आली. सुट्या भागांवर ती नव्हती. तेव्हापासून भाग जुळवून यंत्र बांधणे केवळ हौसेपुरते राहिले नाही आणि वजनाचे गणित आधी पडद्यावर करून पाहण्याला महत्त्व आले. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला प्रकार-प्रमाणपत्र (त्या मॉडेलची अधिकृत मान्यता) लागत नाही, चालकालाही प्रमाणपत्र लागत नाही, आणि हे वजन बॅटरी व कॅमेऱ्यासह धरले जाते. म्हणूनच आराखड्याच्या साधनात नवशिक्या बॅटरीचा आकडा बदलतो, एकूण वजन २५३ दिसते, आणि तो पुन्हा मागे जाऊन हलका सांगाडा शोधू लागतो.