देवाच्या सार्वभौमत्वावरील भरवसा

आजार, मृत्यू, बेकारी, छळ अशा काळातही जगाची सूत्रे देवाच्याच हाती आहेत आणि तो देव चांगला आहे, असे मानून त्याच्यावर विसंबून राहण्याची ख्रिस्ती धारणा व आचरण. यात सामर्थ्य आणि चांगुलपणा या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या जातात. एकटे सामर्थ्य मानले तर धाक उरतो, एकटा चांगुलपणा मानला तर हळहळणारा पण हतबल देव उरतो. संकटात ताण पडतो तो या दोन्हींना बांधणाऱ्या गाठीवर.

या भरवशाला अनेकदा दैववाद समजले जाते. पण दैवाशी बोलता येत नाही, भांडता तर मुळीच येत नाही. बायबलमधली माणसे देवाशी दोन्ही करतात. स्तोत्रसंहिता या बायबलमधल्या प्रार्थनागीतांच्या संग्रहातल्या १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोनच ओव्यांत ‘कुठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो, आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर काळोखातच संपते. तरीही ही गाऱ्हाणी उपासनेच्या ग्रंथात जपली गेली. गाऱ्हाणे ज्याच्यापुढे मांडायचे तो ऐकणारा आहे, हे त्यात गृहीत आहे. म्हणून तक्रार हा या भरवशाचा भंग नसून त्याचेच एक रूप आहे.

बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकातली योसेफाची कथा या संदर्भात हमखास सांगितली जाते. भावांनी त्याला आधी खड्ड्यात टाकले, मग चांदीच्या २० नाण्यांना विकले, पुढे खोट्या आरोपाखाली तो तुरुंगात पडला. शेवटी तो भावांना म्हणतो की तुम्ही माझे वाईट योजले, पण देवाने त्यातूनच चांगले योजले (उत्पत्ती ५०:२०). भावांचा अपराध इथे पुसला जात नाही. एकाच घटनेत दोन हेतू दिसतात. हे उद्गार मात्र अनेक वर्षांनंतरचे आहेत. खड्ड्यात असताना तो गयावया करत होता, हे त्याच्या भावांनीच कबूल केले आहे (४२:२१). हा तपशील सहसा सांगितला जात नाही, आणि तो सांगायलाच हवा.

बायबलमधल्या ईयोब या पुस्तकात संकटांनी घेरलेल्या नीतिमान ईयोबाला तर आपल्या दुःखाचे कारण कधीच कळत नाही. अडतिसाव्या अध्यायात देव वादळातून बोलतो तेव्हा उत्तर देत नाही, प्रश्नच विचारतो. दुःख म्हणजे पापाची शिक्षा, असे ठामपणे सांगणाऱ्या मित्रांवर मात्र देवाचा राग होतो. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने आधी ‘हा (दुःखाचा) प्याला टळो’ अशी विनवणी केली आणि मगच पित्याच्या इच्छेला मान तुकवली.

या धारणेची तात्त्विक मांडणी प्राचीन चर्चचे धर्मचिंतक ऑगस्टीन आणि पुढे सोळाव्या शतकातले प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्व्हिन यांनी केली. १५६३ च्या हायडलबर्ग प्रश्नोत्तरीत (प्रॉटेस्टंट श्रद्धा प्रश्नोत्तरांतून शिकवणारे पुस्तक) पाऊस व अवर्षण, आरोग्य व आजार हे योगायोगाने नव्हे, तर पित्याच्या हातून येतात असे म्हटले आहे. इंग्लंडमधल्या प्रॉटेस्टंट धर्मसभेने तयार केलेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासकथनाने (१६४६) देव सामान्यतः साधनांद्वारे काम करतो हे स्पष्ट केले. त्यामुळे औषधोपचार घेणे म्हणजे अविश्वास ठरत नाही. मानवी स्वातंत्र्याला किती जागा द्यायची, यावर डच धर्मचिंतक आर्मिनियसच्या अनुयायांनी वेगळी भूमिका घेतली आणि तो वाद अजून मिटलेला नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, पोर्तुगालच्या लिस्बनमध्ये भूकंप झाला तेव्हा माणसे चर्चमध्ये जमलेली होती. त्यानंतर जगातल्या दुःखाचा प्रश्न युरोपच्या विचारविश्वात नव्या तीव्रतेने उभा राहिला.

प्रत्यक्ष आचरणात हा भरवसा प्रार्थना, सामुदायिक गायन आणि शोकग्रस्ताजवळ नुसते बसून राहणे यांतून दिसतो. त्याचा गैरवापरही होतो. घरात मार खाणाऱ्या स्त्रीला ‘देवाची इच्छा’ म्हणून सोसायला सांगणे हा त्यातला सर्वांत क्रूर प्रकार आहे. ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. त्यांची चूक सुरू झाली ती त्यांनी तोंड उघडल्यावर.